आईची डिप्रेशनची गोळी आणि झामरची टीपां (काचबिंदूचे डोळ्यात घालायचे थेंब) एकत्र चालतात का? दोन रात्री झाल्या गोळी बंद आहे

दांडियाबाजारची_लेक · शनिवार, रात्री ११.४०

नमस्कार सगळ्यांना. बडोद्यातून लिहितेय. जरा मोठं होईल पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल म्हणून सगळं लिहिते.

आई ६६ वर्षांची आहे. बाबा गेल्यानंतर तिला डिप्रेशन आलं, जेवण तुटलं, झोप गेली, शेवटी मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांनी पॅरॉक्सेटिन १२.५ रात्री एक सुरू केली, त्याला आता चार वर्षं झाली. मधे बरी होती म्हणजे खरंच बरी होती, खंडेराव मार्केटला भाजी आणायला चालत जायची, भजनाला जायची, भांडायची पण माझ्याशी. दिवाळीनंतर चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून गेलो तर डोळ्याच्या डॉक्टरांनी प्रेशर बघितलं, एका डोळ्यात २६ आणि दुसऱ्यात २८ निघालं, मग अजून दोन-तीन टेस्ट केल्या आणि म्हणाले झामर आहे. आई शेजारी सांगत सुटली की मोतिया आहे, ऑपरेशन करतील, मलाही दोन दिवस तसंच वाटत होतं, मग कळलं की इथे झामर म्हणतात तो आपला काचबिंदू, मोतीबिंदू वेगळा. टिमोलॉल ०.५ ची टीपां दिली आहेत, सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत.

तेव्हापासून आई हळूहळू गळूनच गेलीये. दरवर्षी उत्तरायणला गच्चीवर पहिली तीच असते, तीळगूळ, चिक्की, ऊस सगळं घेऊन. यावेळी दोन जिने चढताना मधेच बसली, म्हणाली मला नाही जमत, तुम्ही जा. दिवसभर पडून राहते, बोलत नाही, उठलं की डोळ्यापुढे अंधारी. आम्हाला वाटलं डिप्रेशन परत आलं, मानसोपचारवाल्यांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी गोळी १२.५ वरून २५ केली. त्याला महिना झाला. फरक तर नाहीच, उलट अजून गळल्यासारखी झालीये.

आता परवा माझ्या भावाने, तो पुण्याला असतो, गोळीचा कागद नेटवर वाचला, त्यात काचबिंदू असल्यास सावधान असं काहीतरी लिहिलंय. त्याने फोनवर आरडाओरडा केला, फोन स्पीकरवर होता, आईने ऐकलं आणि त्या रात्रीपासून गोळी घेतलीच नाही. आज दिवसभर चक्कर येतेय, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं होतं म्हणते, सारखी रडतेय.

दोन्ही डॉक्टर एकमेकांना ओळखत नाहीत. डोळ्याच्या फॉर्मवर दुसरी औषधं कोणती असं विचारलं होतं तिथे मी फक्त थायरॉईडची गोळी लिहिली, डिप्रेशनचं रिसेप्शनवर सगळ्यांसमोर लिहायला कसंतरी वाटलं. आणि मानसोपचारवाल्यांना टीपांचं सांगितलं नाही कारण टीपां म्हणजे काही औषध घेतोय असं डोक्यातच आलं नाही. दोन्ही चुका माझ्याच आहेत.

सोमवारशिवाय कोणी भेटणार नाहीये. गोळी बंदच ठेवू की देऊ? आणि खरंच काचबिंदूत ती चालत नाही का? कोणाच्या घरी असं झालंय का?

प्रतापनगर_जुना · रविवार, सकाळी ६.५५

ताई, घाबरू नका पण हलक्यातही घेऊ नका. आमच्या घरी झालंय, वेगळ्या औषधाने.

वडिलांना शुगर आहे, पायाची आग व्हायची रात्री, झोपू द्यायची नाही. त्यासाठी एमिट्रिप्टिलिन १० दिली, नंतर २५ केली. ही पण मूळची डिप्रेशनचीच जुनी गोळी, पण नसांच्या आगीला, डोकेदुखीला बारीक डोसमध्ये देतात, त्यामुळे आम्हाला ती मनाची गोळी आहे हेच माहीत नव्हतं. वडिलांना तरुणपणापासून चष्म्याचा प्लस नंबर. एका रात्री आम्ही गांधीनगर गृहात नाटक बघायला गेलो होतो, तीन तास अंधारात बसलो, बाहेर आल्यावर म्हणाले रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतायत. आम्ही म्हटलं थकलात. घरी आल्यावर कपाळ आणि डोळा असा काही दुखायला लागला की भिंतीला डोकं टेकून बसले, मग उलट्या. आम्ही रात्रभर ॲसिडिटीचं औषध देत बसलो. सकाळी डोळा लालबुंद आणि बुबुळावर धुकं आल्यासारखं. दवाखान्यात प्रेशर निघालं ५४, नॉर्मल १० ते २१ असतं म्हणे. सलाईनमधून औषध, डोळ्याचं प्रेशर उतरवणाऱ्या डायमॉक्सच्या गोळ्या, टीपां, आणि नंतर दोन्ही डोळ्यांत लेसरने बारीक भोक पाडलं. डावा डोळा वाचला. उजव्याने आता बाजूचं दिसत नाही, जिन्यावरून उतरताना मी हात धरतो.

गोळी देणाऱ्या डॉक्टरांनी डोळ्याचं विचारलं नाही आणि आम्ही सांगणार तरी काय, डोळ्यात आतली जागा अरुंद आहे हे आम्हाला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. त्या रात्रीचे आठ तास आठवले की अजून पोटात कालवतं. डोळा लाल, दुखतोय, दिव्याला कडी, उलटी, यातलं काही आईला झालं तर सोमवारची वाट बघू नका, रात्री दोन वाजता पण निघा.

रावपुरा_केमिस्ट · रविवार, सकाळी ९.१०

ताई, मी डॉक्टर नाही, २२ वर्षं औषधाच्या काउंटरवर उभा आहे, त्या अनुभवाने आणि जे शिकलोय त्यावरून सांगतो. आधी एक काम करा, बाकी नंतर वाचा. घरात बीपीचं मशीन असेल तर आईचं बीपी मोजा आणि खाली पल्सचा आकडा येतो तो बघा. मशीन नसेल तर मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. तो आकडा इथे लिहा.

का सांगतो. टिमोलॉल हे बीटा ब्लॉकर आहे, हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळ्या असतात ना त्याच घराण्यातलं. डोळ्यात घातलेलं टीप डोळ्यात राहत नाही, कोपऱ्यातल्या बारीक नळीतून नाकात उतरतं आणि नाकाच्या अस्तरातून थेट रक्तात जातं. गोळी पोटातून लिव्हरमधून जाते, तिथे बराचसा भाग मोडला जातो, टीपाला ती चाळणी लागत नाही. म्हणून दम्याच्या माणसाला हे टीप देत नाहीत, दम उसळू शकतो, ठोके आधीच हळू असणाऱ्याला नाही, हार्ट ब्लॉकवाल्याला, म्हणजे ज्याच्या हृदयात ठोक्याचा संदेश मधेच अडतो त्याला, नाही. शुगर एकदम उतरली तर जी धडधड होऊन कळतं ती धडधडही हे दाबून टाकतं. थकवा, उदासपणा, चक्कर हे त्याचे नोंदलेले साइड इफेक्ट आहेत.

आता दुसरी बाजू. टिमोलॉल शरीरात ज्या एन्झाइमने मोडतं त्याच एन्झाइमला पॅरॉक्सेटिन जाम करून ठेवते. फ्लुओक्सेटिन पण करते. म्हणजे टीप तेवढंच पण रक्तात टिमोलॉल जास्त वेळ आणि जास्त राहणार. गोळी १२.५ ची २५ केली म्हणजे अडथळा अजून वाढला. तुम्ही जे लिहिलंय, दिवाळीनंतर टीपां सुरू, उत्तरायणला जिना चढवेना, डोस वाढवल्यावर अजून गळाली, ते वाचून मला पहिली शंका हीच आली. डिप्रेशनही असू शकतं, नाही म्हणत नाही, पण पल्स मोजल्याशिवाय ठरवू नका.

भावाने जे वाचलं त्याबद्दल. कागदावर लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा नॅरो अँगल ग्लॉकोमाबद्दल असतं, लोक ग्लॉकोमा वाचतात आणि पुढचे-मागचे शब्द सोडून देतात. साध्या भाषेत सांगतो. डोळ्यात आत सतत पाणी तयार होतं आणि एका मोरीतून बाहेर जातं. एका प्रकारात मोरीचं तोंड उघडं असतं पण आतली जाळी वर्षानुवर्षं चोंदत जाते, दुखत नाही, कळत नाही, हा ओपन अँगल. दुसऱ्या प्रकारात मोरीजवळची जागाच अरुंद असते, आणि बाहुली मोठी झाली की बुबुळाचा पडदा गोळा होऊन मोरीवरच बसतो, पाणी तुंबतं, प्रेशर तासाभरात चढतं. प्रतापनगरवाल्या भाऊंच्या वडिलांना तेच झालं, अंधारानेही बाहुली मोठी होते आणि एमिट्रिप्टिलिनने पण. हा नॅरो अँगल. बाहुली मोठी करणारी औषधं या दुसऱ्या प्रकारात धोक्याची. जुन्या डिप्रेशनच्या गोळ्या जास्त, पॅरॉक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्राम, व्हेनलाफॅक्सिन वगैरे त्या मानाने कमी पण असतोच धोका. आणि ट्रायहेक्सीफेनिडिल, जी स्किझोफ्रेनियाच्या औषधांनी हात थरथरतात, अंग आखडतं म्हणून सोबत देतात, ती तर नक्कीच. सर्दीच्या गोळ्या पण यातच येतात, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनवाल्या, ज्या लोक माझ्याकडे चिठ्ठीशिवाय मागतात.

टोपिरामेट नावाची अजून एक आहे, मायग्रेनला, फिटला, कधी मूडसाठी पण देतात. ती वेगळ्याच मार्गाने करते, डोळ्याच्या आत सूज येऊन भिंगच पुढे ढकललं जातं, तरुण माणसालाही होऊ शकतं, दोन्ही डोळ्यांना एकदम, आणि बहुतेक वेळा गोळी सुरू केल्यापासून पहिल्या महिनाभरात. ही गोळी नवीन चालू झाली आणि अचानक लांबचं धूसर झालं तर त्याच दिवशी डोळे दाखवायचे.

आईचा कुठला प्रकार आहे हे फाइलमध्ये लिहिलेलं असतं, गोनिओस्कोपी म्हणून एक तपासणी करतात, डोळ्याला भिंग टेकवून मोरी बघतात. फाइल काढून त्यात ओपन लिहिलंय का बघा.

आणि गोळी अशी धाडकन बंद करायची नव्हती. मान वळवल्यावर करंट लागणं, चक्कर, रडू, हे पॅरॉक्सेटिन एकदम सोडल्याचंच आहे, ही गोळी शरीरातून लवकर निघून जाते म्हणून तिचं जास्त होतं. परत घ्यायची की नाही आणि किती, हे मी इथे सांगणार नाही, मानसोपचारवाल्यांचा नंबर असेल तर रविवार असला तरी फोन करा, एवढ्यासाठी कोणी रागावत नाही. क्लोनाझेपामसारखी झोपेची रोज चालू असेल तर ती पण स्वतःहून तोडू नका, अचानक सोडली तर फिट येऊ शकते.

सुरसागरच्या_काठी · रविवार, सकाळी १०.३०

रावपुरा भाऊंनी छान लिहिलंय. मी स्वतः बायपोलरचा पेशंट, लिथियमवर ११ वर्षं. मागे क्रिकेटचा बॉल डोळ्याला लागून प्रेशर चढलं होतं तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी डायमॉक्स लिहिली. मी पाकीट हातात घेऊनच म्हटलं, सर मी लिथियमवर आहे. ते थांबले, माझ्या डॉक्टरांना माझ्यासमोरच फोन लावला. डायमॉक्सने लिथियम लघवीतून जास्त निघून जाऊ शकतं म्हणजे लेव्हल खाली येते, मग आठवड्यात रक्त तपासून घेतलं. आणि उलटंही आहे, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी लिथियम चढतं. आपल्या इथल्या मे महिन्यात घाम जाऊन पाणी कमी पडलं तरी चढतं. हात जास्त थरथरणं, जुलाब, पाय लटपटणं, जीभ जड, असं झालं की मी लेव्हलसाठी धावतो.

डायमॉक्सने बोटांना मुंग्या आल्या, सोडा प्यायलो तर पचपचीत लागला, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून घाबरलो होतो, तेवढं चालतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर मात्र आधीच सांगायचं.

ताई, फॉर्मवर डिप्रेशन न लिहिण्याबद्दल स्वतःला दोष देत बसू नका. मीही सुरुवातीची कितीतरी वर्षं लिहीत नव्हतो. आता लिहितो, मोठ्या अक्षरात.

दांडियाबाजारची_लेक · रविवार, सकाळी ११.०५

शेजारच्या काकांचं मशीन आणलं. तीनदा मोजलं. ४८, ४७, ४९. बीपी १०४ ६२. फाइलमध्ये दोन्ही डोळ्यांपुढे अँगल ओपन असं लिहिलंय. सकाळचं टीप नऊ वाजता घातलंय मी. आता काय करू?

रावपुरा_केमिस्ट · रविवार, सकाळी ११.१२

सोमवार नाही, आजच. चक्कर आणि अंधारी येतेय आणि पल्स पन्नासच्या खाली आहे म्हणजे ईसीजी आजच व्हायला हवा, जवळच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात इमर्जन्सी चालू असते, सयाजी पण चालू असतं रविवारी. आईला एकटी चालवू नका, जिना उतरताना धरा, स्कूटीवर नेऊ नका, रिक्षा करा. सोबत टीपांची बाटली, पॅरॉक्सेटिनचं पाकीट, थायरॉईडची गोळी, सगळं पिशवीत टाकून न्या, नावं तोंडी सांगू नका. तिथे पहिलं वाक्य हे सांगा की डोळ्यात टिमोलॉल चालू आहे. संध्याकाळचं टीप घालायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना किंवा तिथल्या डॉक्टरांना विचारा, मनाने घालू नका आणि मनाने कायमचं बंदही करू नका.

प्रतापनगर_जुना · रविवार, सकाळी ११.२०

ताई, गाडी हवी असेल तर मेसेज टाका, मी घरीच आहे, पंधरा मिनिटांत येतो.

निवृत्त_सिस्टर · रविवार, दुपारी ४.१५

आत्ता वाचलं गं बाळा. आई कशी आहे ते कळव. मी डोळ्याच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली, म्हणून टीप घालायचं थोडं लिहून ठेवते, पुढे कुठलंही टीप आलं तरी उपयोगी पडेल. घरोघरी हेच चुकतं आणि मग म्हणतात औषध लागू पडत नाही, नाहीतर सोसत नाही.

टीप एकच. डोळ्यात एका टीपाहून जास्त जागाच नसते, दुसरं घातलं तर ते गालावर नाहीतर नाकात. तुझी आई दोन-दोन घालत असेल तर मला नवल नाही वाटणार, बहुतेक म्हातारी माणसं सांडलं वाटून परत घालतात. मान मागे, खालची पापणी ओढून खळगा करायचा, बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला लावायचं नाही. टीप पडलं की डोळा अलगद मिटायचा, मिचकावायचा नाही, आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाच्या टोकाने दोन मिनिटं दाबून धरायचं. हे कोपरा दाबणं सगळ्यांत महत्त्वाचं, त्याने नाकात उतरणारं औषध कमी होतं आणि डोळ्यात जास्त टिकतं. दोन वेगळी टीपां असतील तर मधे पाच मिनिटं तरी जाऊ दे, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं.

बाटल्या सारख्या दिसतात आणि या लोकांना आधीच कमी दिसतं. मी पेशंटना सांगायचे, सकाळच्या बाटलीला एक रबरबँड, रात्रीच्या बाटलीला दोन. हाताला कळतं.

अजून एक, जे बघून माझा जीव जळायचा. डोळे लाल झाले, खाज आली की लोक दुकानातून स्टेरॉइडची टीपां घेतात, डेक्सामेथासोन नाहीतर बीटामेथासोन असतं त्यात, लगेच बरं वाटतं, मग महिनोन्‌महिने घालत राहतात. त्याने प्रेशर चढतं आणि काचबिंदू होतो, लहान पोरांना सुद्धा. डॉक्टरने मोजके दिवस दिलं तर ठीक, आपल्या मनाने कधी नाही.

दांडियाबाजारची_लेक · बुधवार, रात्री १०.२०

उशिरा लिहितेय, माफ करा, तीन दिवस घर-दवाखाना चाललं होतं. प्रतापनगर भाऊ, तुम्ही खरंच आलात, आई अजून विचारते तो मुलगा कोण होता.

ईसीजीत ठोके हळू आहेत पण ब्लॉक नाही म्हणाले. रविवारी रात्री निगराणीखाली ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनीच डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून टिमोलॉल त्या संध्याकाळपासून थांबवलं. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, या वेळी मी फॉर्मवर सगळं लिहिलं, रिसेप्शनवरच लिहिलं. ते म्हणाले अँगल उघडा आहे, तुमची मनाची गोळी डोळ्यासाठी बंद करायची गरज नव्हती, पण ही गोळी चालू आहे हे माहीत असतं तर मी हे टीप दिलं नसतं. ऐकून खूप वाईट वाटलं मला. पण चिडले नाहीत ते. लॅटानोप्रोस्ट दिलंय, फक्त रात्री एक टीप, त्याने ठोक्यांवर असा परिणाम होत नाही म्हणाले. डोळे थोडे लाल होतील, पापण्यांचे केस लांब होतील, डोळ्याभोवती कातडी थोडी काळपट होऊ शकते, बुबुळाचा रंगही गडद होतो पण आईचे डोळे आधीच काळेभोर आहेत. प्रेशर महिन्याने परत बघणार.

मी ब्रिमोनिडिनचं पण विचारलं कारण शेजारणीला तेच चालू आहे. ते म्हणाले त्याने सुस्ती येते, तोंड कोरडं पडतं, झोपेच्या गोळीसोबत अजून जास्त, आणि डिप्रेशनच्या काही जुन्या प्रकारच्या औषधांसोबत ते देतच नाहीत, त्यामुळे तुमच्या आईला नको.

मानसोपचारवाल्यांनी गोळी परत १२.५ वर आणली, दीड महिना बघू म्हणाले. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती लिहून ठेवतेय, की या गोळीचा फायदा-तोटा कळायला तीन-चार आठवडे जावे लागतात, आणि आई गळाली तेव्हा आपण सगळ्यांनी मनाकडेच बघितलं, नाडीला कोणी हात लावला नाही, मीही नाही. डॉक्टरांनी असं कबूल करावं, मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. रात्री-बेरात्री फार वाटलं तर टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मनाच्या आजारांसाठीच्या हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर पण दिलाय, फुकट असतो, २४ तास, गुजरातीतही बोलतात. फ्रिजवर चिकटवलाय.

करंटसारखं होणं दोन दिवसांत गेलं. आज सकाळी पल्स ६४. आज तिने स्वतः चहा केला आणि माझ्या चहात साखर कमी का घालतेस म्हणून ओरडली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आणि सिस्टर, तुम्ही बरोबर ओळखलंत, ती रोज दोन-दोन टीपां घालत होती. बाटली महिन्याची ती सतरा-अठरा दिवसांत संपायची, मला वाटायचं कंपनीच कमी भरते.

निवृत्त_सिस्टर · बुधवार, रात्री १०.५०

रडू दे, चार महिन्यांचं साठलेलं आहे. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेव, फ्रीजरमध्ये नाही. उघडल्यावर बाहेर चालते पण आपल्याकडचा उन्हाळा बघता फ्रिजच्या दारातच असू दे. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिही, चार ते सहा आठवड्यांनी उरली असली तरी टाकून द्यायची, पाकिटावर किती लिहिलंय ते बघून घे. फ्रिजमधल्या टीपाचा अजून एक फायदा आहे, गार असतं म्हणून डोळ्यात पडलं की लगेच कळतं, मग परत घालायचा मोह होत नाही.

रावपुरा_केमिस्ट · गुरुवार, सकाळी ८.४०

ताई, वाचून फार बरं वाटलं. एक विचारायचं राहिलं होतं, आईच्या थायरॉईडची तपासणी शेवटची कधी झाली? थायरॉईड कमी पडलं तरी ठोके हळू होतात आणि माणूस सुस्त, उदास होतो. एकदा करून घ्या म्हणजे ती शंका पण मिटेल. आणि काचबिंदू घरात असला की सख्ख्या भावंडांना, मुलांना जास्त शक्यता असते. तुमचं आणि भावाचं वय चाळीसच्या पुढे असेल तर दोघंही डोळ्याचं प्रेशर आणि डोळ्याची नस तपासून घ्या.

सुरसागरच्या_काठी · गुरुवार, सकाळी ९.१५

भावालाही जास्त बोलू नका ताई. त्याने वाचलं अर्धं, पण वाचलं म्हणूनच तुम्ही इथे लिहिलंत.

दांडियाबाजारची_लेक · शनिवार, सायंकाळी ७.३०

थायरॉईड केलं, ठीक आहे. भाऊ काल आला पुण्याहून, दोन दिवस आईजवळच बसलाय. त्याने सगळ्या औषधांचा एक कागद बनवलाय, चार कॉपी काढल्या, एक माझ्या पर्समध्ये, एक आईच्या, एक-एक दोन्ही डॉक्टरांच्या फाइलला पिन करून. पहिल्याच ओळीत टीपां लिहिली आहेत, त्याखाली टिमोलॉल देऊ नये असं लाल पेनाने. सर्दीची गोळी विचारल्याशिवाय नाही हे पण लिहिलंय, ओपन अँगल असला तरी त्याला नको वाटतं, मी वाद घातला नाही.

त्याने स्वतःचं प्रेशर पुण्यातच तपासलं, १६ आहे. माझी तारीख गुरुवारची मिळालीये. बाहुली मोठी करायचं औषध घालतील तेव्हा येताना स्कूटी आणू नका म्हणाले, म्हणून आई सोबत येतेय रिक्षाने.